हिरवं पाणी नेतंय कोण?

२ ऑक्टोबर, दसरा
गाडीची पूजा. लिंबू-मिरची दोऱ्याने बांधली की कुणीतरी कापून नेतं (संशय : शेजारच्या पार्किंगवाला रविराज). म्हणून यंदा जाड बाइंडिंग वायर. ग्रिलमधून आत खुपसून मागच्या जाळीत पकडीने पिळली. आता नेऊन दाखवा म्हणावं.
२० तारखेला सटाण्याहून यशोदाअक्काला भाऊबिजेसाठी आणायचं. भावाने मुळाला, म्हणजे बहिणीला घ्यायला, स्वतः जायचं ही आमच्याकडची रीत. तीन वर्षं ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतोय. या वर्षी खरंच नक्की.

३ ऑक्टोबर, सकाळी ७
गाडीखाली हिरवे थेंब. कूलंट. काल फरशी कोरडी होती, म्हणजे यात कुणाचा तरी हात आहे. अठरा वर्षांत गाडीने दगा दिलेला नाही. सप्तशृंगीला बंद पडली तो घाटाचा दोष.

४ ऑक्टोबर, शनिवार
नवी लिंबू-मिरची. जुनी वायर अडली, हिसका देऊन काढली. थेंबांचं आता थारोळं झालंय.

६ ऑक्टोबर
मेकॅनिक नवनाथ म्हणाला, काका, दोन दिवस गाडी सोडा, प्रेशर लावून बघतो. सोडतो कशाला? एक बिघाड घेऊन जायचं आणि चार घेऊन यायचं. लीकेज मी स्वतः शोधणार. व्हिडिओ पाहिलेत.

८ ऑक्टोबर
कूलंटच्या बाटलीवर पातळीच्या खुणेला संजनाची टिकली चिकटवली. दुपारी पाणी टिकलीच्या दोन बोटं खाली. टिकली कुणीतरी वर सरकवली असणार.
संजना म्हणाली, अहो, एसटीने जा आणि घेऊन या. तिला गाडी विकायचीच आहे. नवनाथशी ती परवा पाच मिनिटं बोलत होती.

१२ ऑक्टोबर
रविराजने स्वतःहून विचारलं, काका, गाडी गळतेय का? ह्याला कसं कळलं?

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
नवनाथचा फोन, आज आणा, उद्यापासून गॅरेज बंद. घाई कुणाला आहे ते कळलं. गेलो नाही.
दृष्टच लागली असणार. आज दोन लिंबू-मिरच्या, दोन वायरी. डिकीत पाण्याच्या सहा बाटल्या. अक्काला कळवलं, वीस तारखेला सकाळी दहाला दारात गाडी.

२० ऑक्टोबर
ओझरपाशी बॉनेटमधून वाफ. सहाही बाटल्या संपल्या. सुट्टी असून नवनाथ मोटारसायकलवर आला. ग्रिलमधून वायर ओढून माझ्या हातात दिली, लिंबासकट. म्हणाला, काका, ही जाळी नाही, रेडिएटर आहे. तुम्ही त्याला भोकं पाडलीत, दर शनिवारी नवं.
वायर त्याने आधी खिशात आणली नव्हती कशावरून? पण लिंबू माझंच होतं.
अक्काला फोन केला तेव्हा दुपारचे दोन. ती साडेनऊपासून पिशवी घेऊन ओट्यावर बसली होती. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, भाऊ गाडी घेऊन येतोय. मी म्हटलं, गाडीला जरा काम निघालं. ती म्हणाली, असू दे रे. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

२१ ऑक्टोबर
अक्का आली. एकटी, एसटीने, उभ्याने. अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे तिला. गुडघे सुजलेत. करंज्यांचा डबा मात्र शाबूत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संजना अक्काच्या गुडघ्यांना तेल चोळत बसली, मुद्दाम माझ्यासमोर.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
ओवाळताना अक्का म्हणाली, पुढच्या वर्षी गाडीचं काही सांगू नकोस. नुसता तू ये. येताना आपण दोघं बसनेच येऊ, पूर्वी यायचो तसं. मी काय गाडीची वाट बघते का रे?
डोळ्यांत पाणी आलं. संजनाला सांगितलं, निरांजनाचा धूर. ती म्हणाली, निरांजनाला धूर नसतो.
सटाण्याच्या बस दिवसभर असतात म्हणे. मला हे इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही.