केसरबाईंनी स्वच्छ केलेलं पुस्तक

हर्सूल, बुधवार

आदरणीय सत्यशीलाआक्का,

पाण्याचा दिवस होता. आठ दिवसांनी नळ आला म्हणून मी पहाटेपासून दोन ड्रम आणि घरातली होती नव्हती ती पातेली भरत होते, बादलीत चादरी भिजत होत्या, गॅसवर दूध होतं, आणि त्या घाईत दारात केसरबाई उभ्या राहिल्या, हातात माझं पुस्तक. (सलाम सांगायचा राहिलाच. सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? मला राग सोडला तर काही झालेलं नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगितलं तर गल्लीला ऐकू जाईल, म्हणून पत्र.)

केसरबाई आमच्याच चर्चमधल्या. तीस वर्षं शाळेचं वाचनालय सांभाळून निवृत्त झाल्या. मिशनच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचं आत्मचरित्र त्यांनी माझ्याकडून वाचायला नेलं होतं. त्याला आता खाकी कव्हर होतं. "लई घाण करून ठेवलं होतं हो कुणीतरी," त्या म्हणाल्या, "पानापानावर गिरगोट्या. दोन खोडरबर झिजवले मी. आता बघा, कसं कोरं करकरीत झालं."

आक्का, त्या गिरगोट्या तुमच्या भावाच्या होत्या.

कानावरची सुतारकामाची पेन्सिल त्यांनी उपासनेतसुद्धा कधी काढली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पुस्तकातही ते फळीवर खूण करावी तसं दाबून लिहायचे. कुठं "खोटं", कुठं "पाळकांना विचारणे", कुठं नुसतीच फुली. मी चौथी शिकलेली. ते होते तोवर संध्याकाळी ते वाचायचे आणि मी भाजी निवडत ऐकायचे. ते गेल्यावर एकेका ओळीखाली बोट ठेवून मी स्वतः वाचायला लागले ती त्यांच्या खुणांच्या मागं मागं. त्या डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकात एकशे बाराव्या पानावर पाहुणे म्हणून आलेल्या बड्या साहेबांच्या खाली मिशनची खुर्ची मोडते. तिथं समासात लिहिलं होतं, "इथं एस्तेर हसेल." मी त्या पानावर पोचले तेव्हा त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. मी हसले नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा हसले. आणि आता ते पान धुतलेल्या चादरीसारखं पांढरं आहे.

मी केसरबाईंना काय म्हणाले असेन? "चहा घेता का?" म्हणाले. सगळ्यात जास्त राग मला त्याचा आहे. दूध उतू गेलं होतं, उरलेल्या दुधाचा केला, आलं घालून केला. त्या दोन कप प्याल्या आणि "दुसरं पुस्तक आहे का असंच?" म्हणून विचारून गेल्या.

तर तुम्ही मागच्या पत्रात जालन्याच्या बायकांच्या मेळाव्यासाठी "चांगली, बोधपर, मनाला शांती देणारी" पुस्तकं सुचव म्हणून लिहिलं होतं. शांतीचं मला आत्ता विचारू नका. डॉक्टरीणबाईंचं घ्या, औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात मिळेल. ती बाई पटकीच्या साथीत रात्रभर देवाशी भांडते, उत्तर काही मिळत नाही, आणि सकाळी उठून दवाखान्यात जाते. एवढंच आहे, पण खरं आहे. पाळकांनी मला विधवांसाठी म्हणून एक पुस्तक दिलं होतं ते घेऊ नका. त्यातल्या बाईचे अश्रू अठराव्या पानावर वाळतात आणि एकोणिसाव्या पानावर ती हसतमुखानं मुलांना गाणी शिकवते. (माझं शिलाई मशीन एका बाजूनं डुलायचं, आता डुलत नाही. पुस्तक अगदी मापाचं निघालं.) तिसरं आहे क्षमेवरचं, सहाशे पानांचं. तुमच्या भावानं पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय, "पुढे वाचले नाही." मी मात्र नेटानं चाळीस पानांपर्यंत आले होते. मग केसरबाई आल्या.

ते पुस्तक मी पुन्हा उघडलेलं नाही. यापुढं माझ्या घरातून कुणाला चिठोरंसुद्धा मिळणार नाही, आणि रविवारी मी केसरबाईंच्या बाकावर बसणार नाही. मेळाव्यातल्या बायकांना सांगा, पुस्तक आपलं आपण विकत घ्यावं.

तुमची भावजय,
एस्तेर

ता.क. मातीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मधमाश्या पाळायचं पुस्तक आठवण म्हणून घेऊन गेलात. त्यात पेन्सिलीचं काही असेल तर हात लावू नका, धूळही झटकू नका. मला ते बघायचं आहे. एसटीच्या पार्सलनं पाठवू नका, स्वतः घेऊन या आणि चार दिवस राहा. या पत्रात मागायचं ते एवढंच होतं. येण्याआधी कळवा, पाणी भरून ठेवते.

आणखी ता.क. (गुरुवार.) पत्र टाकायचं राहिलं. काल संध्याकाळी खिडकीशी पान तिरपं धरलं तर उजेडात चरे दिसले. शिसं गेलंय, दाब गेलेला नाही. पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना अक्षर लागेना. म्हणून आज सकाळी पुस्तक आणि त्यांची पेन्सिल घेऊन केसरबाईंकडं गेले आणि कुणाच्या गिरगोट्या होत्या ते सांगितलं. त्या रडायला लागल्या. मी म्हणाले, डोळे खराब करू नका, मला तुमच्या डोळ्यांचं काम आहे. मग त्या चरे बघून वाचत गेल्या आणि मी त्यावरून लिहीत गेले. एकशे बारावं पान त्यांनी मोठ्यानं वाचलं, खुर्ची मोडली तिथं त्या हसल्या, आणि मी समासात लिहिलं.