आर्गॉनमध्येही निळंच

चंद्रपूर,
९ जानेवारी २०२५

प्रिय निकेशभाऊ,

नमस्कार. वहिनीनं पाठवलेले लाखोळीच्या डाळीचे वडे पोचले. डबा उघडल्याबरोबर होस्टेलच्या मुलींनी अर्धे संपवले. मी बरी आहे. थंडी फार आहे. धानाचं चुरणं आटोपलं का, की मळणी अजून चालूच आहे?

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतोस कुठं? परवाही तुझंच चालू होतं: "दिवे, पोस्टरवर तुहा फोटो टाकून राह्यलो. नाटक सुरू व्हायच्या आधी स्टेजवर सत्कार! वडशाची नाटक कंपनी आहे, आजूबाजूचे सारे गावं येतीन. लटारूकाका तर म्हणते, आता युरियाच्या लाइनीत उभं राहाचं कामच नाई, आपली पोरगी हवेतून काढते!" मी हसले. हसायला नको होतं.

एकदा नीट सांगते. आम्ही लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी करतो आणि तिच्यात मुद्दाम उणिवा ठेवतो, म्हणजे ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या करतो. हवेतला नायट्रोजन त्या जागी येऊन अडकतो. वीज दिली की त्याचा अमोनिया व्हायला हवा, आणि अमोनियापासून युरिया बनतो. अमोनिया असला की तपासणीत पाणी निळं होतं. आमचं झालं. माझ्या पीएचडीच्या सरांनी संशोधनाचा पेपर लिहिला, वर्तमानपत्रात बातमी आली आणि तू ते कात्रण गावभर फिरवलंस.

दिवाळीनंतर मी नायट्रोजन बंद करून नुसता आर्गॉन सोडून पाहिला. आर्गॉन वेगळाच वायू, त्यात नायट्रोजन नसतोच, त्यापासून अमोनिया होणं शक्यच नाही. पाणी तरी निळंच झालं.

भुकटी आम्ही लोखंडाच्या नायट्रेटपासून करतो, आणि नायट्रेटमध्ये नायट्रोजन असतोच. ते भट्टीत पुरतं जळलंच नव्हतं. आत राहिलेल्या नायट्रेटचाच अमोनिया होत होता. हवेतून आम्ही काहीच काढलं नव्हतं रे. आपणच टाकलेलं आपल्याला परत मिळत होतं, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

सर वाईट नाहीत. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांच्या घरून डबा यायचा. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "आर्गॉनचं कोणी विचारलंय का? मग तूही विचारू नकोस." त्यांनी त्या निळ्या पाण्याच्या नळ्या स्वतः बेसिनमध्ये ओतल्या, धुतल्या आणि पालथ्या घालून ठेवल्या. तेव्हापासून लॅबमध्ये जीव घुसमटतो माझा. गप्प बसले तर पीएचडी मिळते, बोलले तर तीही जाते आणि सरांचं नावही. घरी यावं तर तिथं तुझं पोस्टर!

इथवर लिहून उगाच चहा करून आले.

भाऊ, आज सकाळी मी वहीत नोंदवलेले आर्गॉनचे निकाल सरांचा पेपर छापणाऱ्या जर्नलला पाठवले. सरांना सांगूनच पाठवले. ते रागावले नाहीत, फक्त लॅबची किल्ली मागून घेतली. पुढं काय होईल, मला माहीत नाही. भीती वाटते.

पोस्टर आता रद्द करू नकोस, मी येईन. पण माईक हातात आला की लटारूकाकाला सांगेन, पोरीचं चुकलं, युरियाच्या लाइनीत अजून उभं राहावं लागेल. लोक हसतील, शिट्ट्या मारतील. ते मी सोसेन. तू मात्र त्या वेळी स्टेजवरून खाली उतरू नकोस. माझ्या बाजूला उभा राहा. राहशील ना?

तुझ्या होकाराशिवाय एसटीत पाय न ठेवणारी,
दिवी