माझ्या नावाचं गाऱ्हाणं

भांडुप, दि. १५ एप्रिल १९८७

चि. सहदेव यास गुणाजीदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळी ठीक, तिकडची खुशाली तुझ्या पत्रांतून कळली. तीन पत्रं आली तुझी. उत्तर आज देतोय, रागावू नकोस. तसा तू लहानपणापासून रागावतोस आणि चहा मिळाला की विसरतोस.

तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, तरी शेवंती ती शेवंतीच, टेकडी उतरून स्वतः भाजी आणते. मुलाला सेकंड शिफ्ट आहे. सून सुलक्षणा साताऱ्याकडची, पण सोलकढी आता आपल्यासारखी करते. तू पाठवलेले ओले काजूगर पोचले. उसळ छान झाली होती, असं सगळे म्हणाले.

शिमग्याला गावी यायचं रिझर्व्हेशन मिळालं नाही, असं मी कळवलं होतं. खरं म्हणजे मी काढायला गेलोच नव्हतो.

गिरणीतून रिटायर झाल्यापासून मी दारातल्या पायरीवर बसतो. खाली कारखान्यांच्या पत्र्यांवर ऊन पसरतं आणि बघता बघता ते पत्रे आपल्या मळ्यात पाणी भरल्यासारखे दिसायला लागतात. आई त्यात वाकून लावणी करत असते. बाबा बांधावर उभे असतात. त्यांना हाक मारावीशी वाटत नाही, आणि मलाही कोणी हाक मारू नये असं वाटतं. चहावर साय धरते. ऊन पायरीवरून उतरून जातं, आणि दिवस गेला हे मला शेवंतीने देवापुढे दिवा लावला की कळतं.

माघी गणपतीला चाळीत सत्यनारायण होता. गाऱ्हाणं घालायला दरवर्षीसारखा मीच. कोणाची नोकरी, कोणाचं मूल, कोणाचं दुखणं, सगळ्यांचं देवापुढे मांडायचं आणि लोकांनी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी नारळ हातात घेतला, "बा देवा म्हाराजा" म्हटलं, आणि पुढे काहीच नाही. शब्द विसरलो नव्हतो रे. ते समोर होते, पण माझे वाटत नव्हते. माणसं "व्हय म्हाराजा" तोंडात धरून उभी. शेवटी शेजारच्या भाऊरावाने माझ्या हातातला नारळ काढून घेतला. लोक म्हणाले, वय झालं. शेवंतीने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. तूही तिकडे देवाला कौल लावलास.

सुलक्षणाने मात्र मला दवाखान्यात नेलं. चाळीत सांगितलं, बी.पी. बघायला नेतेय. डॉक्टरीणबाई तुझ्या मीराहून चारेक वर्षांनी मोठी असेल. झोप लागते का, जेवणाला चव लागते का, जगायचा कंटाळा येतो का, असं विचारत राहिली. मी प्रत्येकाला "बरं आहे" एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, म्हातारपण वेगळं आणि हे वेगळं. मनालाही आजार होतो आणि तो बरा होतो. पण तुम्ही सांगायला पाहिजे ना." गोळ्या दिल्या. त्या मी तुळशीच्या कुंडीत पुरत होतो. तुळस मजेत आहे.

मग गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी शेवंती बाहेर गेली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. मला झोप लागली असं समजून सुलक्षणा देवाच्या फळीपुढे उभी राहिली आणि चक्क गाऱ्हाणं घालू लागली. नारळ नाही, विडा नाही, हातात नुकतंच धुतलेलं पोळपाट. सगळं चुकीचं, फॉर्म भरल्यासारखं.

"म्हाराजा, माझ्या सासऱ्यांचं नाव गुणाजी, राहणार भांडुप. माघापासनं नीट जेवत न्हाईत, म्हाराजा."

मग थांबली. मागून म्हणायला कोणी नव्हतं, तरी तेवढी जागा तिने सोडली.

"झोपत न्हाईत. कुणाशी बोलत न्हाईत, म्हाराजा."

पुन्हा थांबली.

"त्यांना जगावंसं वाटत न्हाई. मला दिसतंय. पण ते कबूल करत न्हाईत, म्हाराजा."

आणि सहदेव, माझ्या तोंडून गेलं, "व्हय म्हाराजा."

साठ वर्षांची सवय. गाऱ्हाण्यात जागा सुटली की जीभ आपणहून उठते.

पोळपाट हातातून पडलं. ती येऊन माझ्या पायाशी बसली आणि आम्ही दोघंही रडलो. कितीतरी महिन्यांनी रडू आलं मला. दुसऱ्या दिवशी परत दवाखान्यात गेलो आणि सगळं खरं सांगितलं. गोळ्या आता सुलक्षणा समोर उभी राहून देते. फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणतात. अजून तरी पायरी तीच आणि पाण्याने भरलेला मळाही तोच. पण काल आमटीत मीठ जास्त झालेलं मला कळलं.

मीराच्या लग्नाला येतो. सुलक्षणाने तिकिटं काढलीसुद्धा. गाऱ्हाणं मात्र यंदा तू घाल, मी मागे उभा राहीन. त्यात माझंही घाल. बाबा सांगायचे ते आठव. नाव घ्यावं, दुखणं सांगावं, झाकून ठेवलं तर देवाने ऐकायचं काय? लोक काय म्हणतील म्हणून "दादाची जरा तब्येत" असं पुटपुटू नकोस.

लहानपणी खोबऱ्याच्या आशेने सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" तू ओरडायचास. आज हे एवढं तसंच मोठ्याने वाच:

बा देवा म्हाराजा, ह्यो गुणाजी, भांडुपाक ऱ्हवता. तेचा मन आजारी आसा. तां बरा कर, तेका जगण्याची गोडी लाव, म्हाराजा.

पुढचं तू म्हण. मी इथे पायरीवर ऐकायला बसलोय.

तुझा दादा,
गुणाजी