अर्नाळ्याची वाळू

बुधवार, दिवेलागण

कोंबड्यांचं पाण्याचं भांडं पुन्हा रिकामं. दुपारपासून तिसऱ्यांदा भरलं. उकाड्याने पीत असतील असं काल म्हटलं होतं, पण आज तर ढग होते.

खुराड्यातलं भाताचं तूस ओलं होऊन कुजायचं, म्हणून परवा मीच अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून दोन गोणी वाळू आणून पसरली. कोरडी राहते, घाण वरच्या वर चाळून काढता येते. खूश होते मी. कोंबड्या ती टिपतात, ते दिसत होतं. टिपणारच, पोटात दाणा भरडायला त्यांना खडे लागतात. पण आता शीट नुसती पाण्यासारखी, आणि तांबडी सकाळपासून एका जागी बसलीय.

शेजारच्या फिलोमावहिनींना सांगितलं. त्यांचं माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं. एवढंच म्हणाल्या, “गोड्या पान्यानं धुतली होती ना वाळू?”

वाळू कोण धुतं? जन्म समुद्राकाठी गेला आणि मला हे सुचू नये?

गोणीत उरलेली चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. मीठच. दोनदा चूळ भरली, तरी चव जात नाही. माझी तर एकच चिमूट. त्या परवापासून टिपतायत.

भांडं भरून येते.