उपडी ठेवलेली पानं

दोन बाजूंना ओढलं गेलेलं गाव इंग्रजीत एका वाक्यात कसं लिहावं? मला येत नाही. बी.ए.ला इंग्रजी घेऊनही येत नाही. त्यावरूनच मी, गंगासागर गुरुलिंग मिटकरी, वय तेवीस, हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही. या कागदासाठी माझ्यावर कोणाचीही बळजबरी नाही. बळजबरी दुसऱ्या कागदासाठी आहे.

तो म्हणजे तलावाचा अहवाल. तलावाला पैसा देणाऱ्या परदेशी बँकेला गावाचं मत इंग्रजीत हवं आहे. गावात पदवीधर मी एकटी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आमच्या बैठकीत होकार असेल त्या घराने तबकातलं आपल्या वाट्याचं विड्याचं पान उचलायचं असतं. ऊसतोडीला गेलेल्या घरांची पानं उपडी ठेवतात; ती माणसं परतेपर्यंत निर्णय होत नाही. खालच्या वस्तीची सगळी पानं उपडी होती, आणि बुडणार आहे ती त्यांचीच जमीन. ट्रकमध्ये चढताना वत्सलाबाई म्हणाल्या होत्या, "गंगे, माझं पान कुनाला उचलू दिऊ नको बग." सरपंच बिभीषणकाकांनी ती पानं उचलून आपल्या माणसांना खायला दिली आणि त्या घरांचाही होकार धरला.

नंतर ते माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या दुकानात येऊन बसले.

"लई न्हाई, येकच शब्द बदल. समद्यांनी हो म्हनलं, आसं लिव्ह. त्या सायबाला काय कळतंय?"

"कळावं म्हणूनच लिहिते, काका."

त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. "तुजी बारकी भन शिवानी साळंला येकटीच जाती न्हवं?"

तेव्हापासून दुकानासमोर एक जीप उभी असते. आत माणसं असतात. ती काही घेत नाहीत.

१. घर व दुकान अप्पांचं आहे. त्यावर माझा दावा नाही.

२. कानातली फुलं आईने घालावीत. पेटीत ठेवू नयेत.

३. सायकल धाकट्या बहिणीला, शिवानीला. मात्र तिने मामाकडे पाटोद्याला राहून शिकावं. इथे नाही.

४. इंग्रजी शब्दकोश वत्सलाबाईंच्या मनिषाला. त्यात काही शब्दांवर मी काट मारली आहे. 'मेजॉरिटी' खोटा, कारण निम्मं गाव हजरच नव्हतं. 'सम' म्हटलं की माणसं किरकोळ होतात. 'मिक्स्ड'मध्ये कोण कुठे ते दडतं. 'डिव्हायडेड' खरा आहे, पण कशामुळे ते सांगत नाही. शेवटी मी दोन साधी वाक्यं लिहिली: ज्यांना पाणी मिळणार ते हो म्हणाले. ज्यांची जमीन बुडणार त्यांना विचारलेलं नाही.

५. गावातली पहिली बी.ए. म्हणून बिभीषणकाकांनी सत्कारात दिलेलं पेन त्यांना परत करावं. अहवाल त्या पेनाने लिहिलेला नाही.

वरील मजकूर वाचून सही केली.
गंगासागर गुरुलिंग मिटकरी

साक्षीदार: धोंडीराम शिंपी, राधाकिशन गुरव. दोघांनी दार लावून सह्या केल्या.

खडकवस्ती, युसूफ वडगावजवळ, ता. केज, जि. बीड
१७ जानेवारी १९९६

अहवाल बदलून द्या म्हणून माझ्या घरच्यांना कोणी धरू नये. तो मी काल केजच्या पोस्टातून रजिस्टरने पाठवला आहे.