ओवी म्हणण्याआधी फळा पुसावा

परंडा, १४ सप्टेंबर १९८७

सूनबाई जेवताना हसली नाही. म्हणजे कारखान्यातलं ते यंत्र आज पुन्हा रुसलं!

महानंदा त्या कंप्यूटरवरची एकटीच माणूस. माझा मुलगा शिवशरण सोलापूरला बँकेत, ही इथं माझ्यापाशी. लोक विचारतात, नवरा तिकडं, बायको इकडं, हे कसं? नोकरी आहे म्हणून ती इथं आहे. आणि ती आहे म्हणून माझी पार्वती गेल्यापासून या घरात संध्याकाळी कुणाचा तरी आवाज असतो. माझ्यापुरतं हे उत्तर पुरेसं आहे.

चेअरमन आण्णासाहेबांनी तिला बजावलं म्हणे — ऊस वाळून चाललाय, हंगाम नावाला होणार. गाळपाची पहिली मोळी टाकायच्या आत सभासदांच्या वजनपावत्या मराठीत छापून निघाल्या तर यंत्र राहील. नाहीतर ते विकू, अन् तुम्ही आपलं सोलापूर गाठा.

मी पोटभर जेवलो, असं दाखवलं.

१७ सप्टेंबर

आज तिच्याकडून सगळं समजून घेतलं. पस्तीस वर्षं शिकवलं, आता थोडं शिकावं.

पुण्याहून फ्लॉप्या येतात. त्यांत दुसऱ्यांनी लिहिलेल्या 'लायब्ऱ्या'. मी कपाटं अन् पिवळी पुस्तकं डोळ्यांपुढं आणली, ती हसली. एक लायब्री मराठी अक्षरं काढणारी, दुसरी वजनकाट्याची. त्या येतात कच्च्या. त्यांचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा तो कंपायलर. तर अक्षरवालीला जुना कंपायलर लागतो, काट्यावालीला नवा! म्हणजे लग्नात दोन्हीकडचे आचारी वेगळे. दर वेळी यंत्राला आधी सांगावं लागतं — आज आचारी कोण, तो कुठं बसलाय, त्याची भांडी कुठल्या फळीवर. मगच चूल पेटते.

हे सांगायला पुण्याचा एक जण दर खेपेला कुर्डुवाडीवरून एसटीनं येतो, हातानं टायपून जातो. महानंदा म्हणते, ही सगळी तयारी एका फाईलमध्ये लिहून ठेवते. एक शब्द टाकला की दोन्ही लायब्ऱ्या आपोआप तयार.

२१ सप्टेंबर

टँकर आला नाही. ओसरीवर बसून चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणत होतो — बाहेर धूळ, तोंडात नदी! तिसऱ्या ओळीवर अडलो. हल्ली अडतो. आतून भाकरी थापता थापता महानंदानं ओळ पुरवली. तिलाही चौथीला तेच पुस्तक होतं.

२८ सप्टेंबर

त्या एका शब्दाला नाव हवं होतं. मी 'वसंततिलका' सुचवलं. ती म्हणाली, इंग्रजी आठच अक्षरं मावतात. 'शार्दूलविक्रीडित' तर मी तोंडातच गिळलं. शेवटी 'ओवी' ठरलं. आखूड आणि दळताना म्हणायचीच गोष्ट.

५ ऑक्टोबर

ओवी सकाळी चालली! दुपारी पुन्हा म्हटली तर बेसूर. यंत्र बंद करून चालू केलं की पहिल्या खेपेला नीट, पुढच्या खेपेला बिघडलेली. पडद्यावर इंग्रजीत येतं म्हणे, 'परिसराची जागा संपली' — म्हणजे आचारी-भांड्यांचे पत्ते लिहून ठेवायची यंत्रातली जागा. मी म्हटलं, जागा संपली? शिवारात नुसती जागाच आहे, उसाचा पत्ता नाही! या वेळी हसली नाही.

शांताक्का बसली होती. माझी थोरली बहीण. कर्नाटकात दिलेली, दुष्काळ पडला की माहेरी येते, इथंही दुष्काळच असला तरी. ती म्हणाली, "गुरुलिंगा, पोरीचं डोकं नको खाऊ. तुझी एखादी गोष्ट सांग, म्हणजे झोप तरी येईल तिला."

म्हणून सांगितली. इतिहासाचे मास्तर फळा न पुसता जायचे. एकदा मी घाईत उरलेल्या कोपऱ्यात कविता लिहिली. पोरांनी सगळं एकदमच उतरवून घेतलं — नदीकाठी पानिपत, अन् शेवटच्या कडव्याला जागाच नाही!

शांताक्काला खरंच डुलकी लागली. महानंदाचा घास मात्र हातातच राहिला. "आप्पा, मी पुसतच न्हाई," ती म्हणाली, "आधीच्या खेपेचं तसंच ठेवून त्याला पुढं जोडत जाते."

६ ऑक्टोबर

जमलं! आता ओवी आधी जुनं पुसते, त्या लायब्रीपुरतंच नवं मांडते, काम झालं की पुन्हा पुसते. दिवसभर म्हटली, दर वेळी सूर तोच. येताना माझ्यासाठी पेढे. फळा पुसण्याबद्दल पेढे मिळालेला मी पहिलाच मास्तर.

१९ ऑक्टोबर

आण्णासाहेब स्वतः यंत्रापुढं बसले. एका बोटानं शब्द टायपला. लायब्ऱ्या बनल्या, पावती निघाली — मराठीत! त्यांनी ती चष्मा न लावता वाचली म्हणे.

मग म्हणाले, "झकास. एवढ्या एका शब्दानं भागतंय तर आमचा टाइपिस्टच दाबील की. सूनबाई, तुम्ही सुटलात. नवऱ्यापासनं किती दिवस लांब राहाल?"

मनानं माणूस वाईट नाही. पुण्यच केल्यासारखं वाटलं असेल त्याला.

२५ ऑक्टोबर

बांधाबांध. मलाही चला म्हणते. मी म्हटलं, माझं इथंच जमतं. ही ओसरी, ही खुर्ची, समोर लिंब. दुसरीकडं मला कविता आठवायची नाही.

"आप्पा, कुठल्याही यंत्रावर चाललं पायजे म्हणून तर ओवी लिहिली," ती म्हणाली. "काय लागतं ते नीट ठाऊक असलं की कुठंही चालतं. तुम्हाला नेमकं काय लागतं, ते बघा एकदा."

सून आहे की शाळा तपासनीस!

२८ ऑक्टोबर

गेली. शांताक्काही गावी गेली.

३० ऑक्टोबर

ओसरी तीच. खुर्ची तीच. लिंबही जागचा हललेला नाही. पितळी तांब्या उजव्या हाताला, उन्हाची तिरीप पायाशी. सगळं जिथल्या तिथं मांडून नदीची कविता सुरू केली. तिसऱ्या ओळीवर अडलो.

दिवे लागेपर्यंत अडलेलाच होतो.

सोलापूर, ४ नोव्हेंबर

इथं ओसरी नाही, गॅलरी. लिंब नाही, विजेचा खांब. खुर्ची लोखंडी, टोचते. तिसऱ्या ओळीवर अडलो — अन् कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून आतून ओळ आली.