तुम्ही वहिनीला शिकवलेलं इंजिन

आप्पा, परवा वहिनी माझ्या सासरी आली होती. पाहुणी म्हणून नाही, मिस्त्री म्हणून. वस्तीवरची विजेची डीपी जळून आठ दिवस झाले होते, कांदा माना टाकत होता. सासऱ्यांनी शेडमधलं जुनं डिझेल इंजिन विहिरीवर नेऊन बसवलं, तिघांनी हँडल मारून पाहिलं, पण ते धूरसुद्धा काढीना. तेव्हा सासरे मला म्हणाले, "माहेरी फोन लाव. तुझ्या भावजयीला बोलाव." तुमची मुलगी समोर उभी होती, आणि बोलावणं तुमच्या सुनेला गेलं.

तिसगावातल्या आपल्या इंजिन दुरुस्तीच्या दुकानात मी शाळा सुटल्यावर येऊन बसायची. खोललेल्या इंजिनापुढं तुम्ही शेतकऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असायचात. "आमच्या बापानं बैलांच्या मागं चालून मोट हाकली. दिवसभरात भिजायचे किती, चार वाफे. मग त्या परदेशी मानसानं हे काढलं. हिरीचं पानी वर आलं, गिरणी फिरली, कापसाचं जिनिंग फिरलं, माळावर ऊस हुभा राहिला. तेलाला त्याचंच नाव पडलं. आन् तो स्वतः बोटीवरनं समुद्रात नाहीसा झाला." हे सांगताना तुमचा आवाज बसायचा. मी तापानं फणफणले होते तेव्हाही तो असा बसला नव्हता. त्या न पाहिलेल्या माणसाचाही मला हेवा वाटायचा. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी पाना घेऊन नोझलचा नट सैल करू लागले. तुम्ही परत येऊन माझ्या हातातला पाना काढून घेतलात. "ठिव खाली. पोरीनं हात काळं करायचं न्हाईत. तू शिकून बाई हो." मी बाई झाले, आप्पा. जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस वर्षं शिकवते आहे.

पुढं दादा पुण्याच्या कंपनीत गेला आणि तुमचे हात थरथरू लागले. त्या दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन आले, तर वहिनी इंजिनाशी बसलेली, कोपरापर्यंत काळी. तुम्ही तिचा हात धरून इंजिनाच्या माथ्यावर, हेडवर ठेवला होता आणि म्हणत होता, "ऐक, आता ऐक." तुम्हाला तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मी विचारलं, मला का नाही शिकवलंत? तुम्ही म्हणालात, "तुला नोकरी हाय. तिला काय हाय?" खरंच होतं ते. पण मला ते अजून पचलेलं नाही.

परवा वहिनीनं पदर खोचला, हँडल सावकाश फिरवलं आणि कान लावला. "ताई, नोझल बोलत न्हाई बगा. डिझेल मारताना टर्र वाजाया पायजे. नळीत हवा धरलीय." तिनं नळीचा नट सैल केला. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. नट आवळून दोनदा जोरात हँडल मारलं आणि इंजिन धडधडू लागलं. पाइपातून पाणी आलं तसे सासरे ओरडले, "थेट मिस्त्रींचा कान हाय हिला!" मी चहा ठेवायला घरात निघून आले. जाताना वहिनी म्हणाली, "ताई, तुमी बी शिका की. मी दावते." मी म्हटलं, मला कुठला वेळ?

ती गेली, सगळे जेवायला बसले, आणि मी विहिरीवर जाऊन चालू इंजिन बंद केलं. मग हँडल हळूहळू फिरवून, अगदी तिच्यासारखा, कान लावला. मला काहीच कळलं नाही. पाणी थांबलेलं पाहून सासरे आले, म्हणाले, "पडलं व्हय बंद? शेवटी बाईमानसाचं काम." त्यांनी हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात चालू झालं. मी तिथंच उभी होते. मीच बंद केलं, एवढं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठंच जाणार नाही, मलाही ठाऊक आहे. खरं तर हे वहिनीला सांगायचं आहे. ते जमत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले आहे.